माल : माती

आम्ही गणपती करत नाही, हे आधी सांगून टाकतो. दरवर्षी श्रावणात पाच-पंचवीस माणसं दारात येतात आणि परत जाताना आम्हीच त्यांना फसवल्यासारखं तोंड करतात. कोल्हापुरात गणपती करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं माझ्या भागीदारानं, मामांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही चित्रं, म्हणजे मातीची छोटी माणसं-जनावरं करतो. बेंदराला बैल, पंचमीला नाग, हादग्याला हत्ती आणि दिवाळीला किल्ल्यावरची चित्रं : महाराज, मावळे, भालदार-चोपदार, तोफा, गवळण, औत हाकणारा शेतकरी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. सगळं न भाजता, सावलीत वाळवून.

मी मूळचा पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा. उद्यमनगरात एका फौंड्रीत नऊ वर्षं सागवानी पॅटर्न केले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आटतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा फूटच एका सुतानं मोठा असतो. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. १९९४ मध्ये फौंड्रीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. घरी बसून काय करणार? समोरच मामांचा सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी होती.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. कुंभाराचं घर. पण गल्लीत इमारती झाल्या, लोकांना धूर सोसेना, तक्रारी झाल्या आणि त्यांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बंद पडला. मडकी गेली. बेंदराचे बैल तेवढे कच्चेच करायचे, ते राहिले. मी माझं रडगाणं सांगायला गेलो, तर म्हातारा बैलाचं वशिंड दाबत म्हणाला, "भाजू देत न्हाईत तर न्हाई. वाळू तर देतील का न्हाई लोक?" आमच्या धंद्याची सुरुवात या वाक्यानं झाली. माझे सात हजार, त्यांचा सोपा आणि त्यांचा हात.

पहिल्या दिवाळीला आठशे मावळे केले आणि त्यातले निम्मे घोट्यात तुटले. मामा म्हणाले, माती वाईट. मी तुटका पाय फोडून बघितला. आत बायंडिंगची तार तशीच, आणि माती तिच्याभोवती आवळून तडकलेली. शाडू फुटाला जवळजवळ इंचभर आटतो, तार केसभरही आटत नाही. मग काय होणार? हे फौंड्रीतल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. तेव्हापासून तारेवर आधी कागदाची पट्टी खळीत भिजवून गुंडाळायची आणि मग माती चढवायची, म्हणजे मातीला आत सरकायला जागा राहते.

मिश्रण जमायला तीन हंगाम गेले. भावनगरचा शाडू चार वाटे, वर्तमानपत्राचा लगदा एक वाटा. कागद तीन दिवस भिजवायचा आणि रगड्यावर इतका वाटायचा, की बोटांत तंतू लागता कामा नये. लगदा जास्त झाला तर महाराजांच्या नाकाला लव येते, कमी झाला तर तलवार हातात येते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर पावसाळ्यात मावळ्यांना बुरशीच्या दाढ्या फुटतात. मोरचूद विषारी असतं, खळीचं भांडं स्वयंपाकघरात नेऊ नका. आमच्याकडे त्यावरून एकदा मोठं भांडण झालंय.

आणि पंखा लावू नका. हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. नवीन माणूस घाईनं पंख्याखाली ट्रे ठेवतो, वाऱ्याकडची बाजू आधी वाळते आणि मावळा धनुष्यासारखा वाकतो. पहिला दिवस ओल्या गोणपाटाखाली, दुसऱ्या दिवसापासून उघडं, पण सावलीत, आणि रोज कूस बदलायची. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत होतं. पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरा. वाळलं का नाही ते गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत पाणी आहे.

मामांच्या कोरण्या वेळूच्या, स्वतः तासलेल्या. धरून धरून त्यांना बोटांचे खळगे पडले होते. माझ्या सायकलच्या स्पोकच्या, टोक ठोकून चपटं केलेलं. पुढे एका दाताच्या डॉक्टरांनी जुनी हत्यारं दिली. मावळ्याच्या पगडीची घडी त्या हत्यारानं जशी निघते तशी कशानंच निघत नाही. मामा त्यांना हात लावत नसत. म्हणायचे, "माणसाच्या तोंडात जाऊन आलंय ते."

मधली वर्षं बरी गेली. मुलीचं लग्न झालं, वर माळा काढला, २००९ मध्ये मामा गेले. त्यांच्या कोरण्या त्यांच्या मुलानं मला आणून दिल्या.

आता त्या पोराबद्दल. नाव घेत नाही, बाजारातल्या सगळ्यांना माहीत आहे. सोळा वर्षांचा असताना आला, चार वर्षं राहिला, हात चांगला होता हे मी नाकारत नाही. माझ्या ताटात जेवला. जाताना पाया पडला. पुढच्याच दिवाळीला बाजारात प्लास्टरचे मावळे आले, आमच्या निम्म्या दरात. बघितलं तर पगडी आमची, मिशी आमची, ढालीवरचे कोयरी आकार आमचे. प्लास्टर अर्ध्या तासात साच्यातून निघतं, कूस बदलायला नको, आटत नाही, फुटत नाही. रबरी साचा करायला त्याला एक वाळका नग पुरला असेल. तो नग त्यानं पैसे देऊन घेतला असता तर मला काही बोलता आलं नसतं.

मी त्याला विचारलं. भर बाजारात विचारलं. तो म्हणाला, मावळा काय तुमच्या एकट्याचा आहे का? लोक हसले. तेव्हा मी नग उलटा केला. मूळ मावळा मी केला तेव्हा पाठीवर, पट्ट्याच्या खाली, ओल्या मातीत माझा अंगठा उमटला होता. मामा म्हणाले होते, राहू दे. तो ठसा आमच्या प्रत्येक मावळ्याच्या पाठीवर असतो, आटून लहान झालेला, पोराच्या अंगठ्याएवढा. तोच ठसा, तेवढाच, रेघ न रेघ त्याच्या प्लास्टरवर. मी अंगठा शेजारी धरून दाखवला. त्यानंतर कोणी हसलं नाही, पण घेताना निम्म्या दराचाच घेतला. म्हणून नव्या पोरांना सांगतो, साचे कुलपात ठेवा आणि भागीदार असो की शागीर्द, साच्याची मालकी आधी कागदावर लिहून घ्या. पाया पडण्यावर जाऊ नका.

एवढं होऊनही आम्ही टिकलो. बुडालो ते २०१९ मध्ये.

आमची जागा जयंती नाल्याच्या अंगाला. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, उलटं मागे सरकतं. २००५ चा पूर आम्ही बघितला होता, त्या पाण्याची खूण भिंतीवर होती. त्या हिशेबानं खालची फळी रिकामी करून माल वरच्या फळ्यांवर ठेवला. पंचगंगेचं पाणी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुनी खूण पाण्याखाली गेली.

आमचं काम उन्हाळ्यातलं असतं. मार्च ते मे वाळवून घ्यायचं, रंग दसऱ्याच्या आधी द्यायचा. त्यामुळे दिवाळीची अकरा हजार चित्रं कच्ची, बिनरंगाची, फळ्यांवर उभी होती. भाजलेलं मडकं पुरात वाहून जातं, सापडलं तर धुऊन घेता येतं. आमचं चित्र वाहत नाही. जागेवरच बसतं. पाणी उतरल्यावर दार ढकललं, ते उघडेना. आत गुडघाभर रबडी, आणि तिच्यातून तारा वर आलेल्या. अकरा हजार मावळ्यांच्या नुसत्या तारा. पाण्यात विरघळतो म्हणून जो माल आम्ही अभिमानानं विकला, तो विरघळला. गिऱ्हाइकाला मी खोटं सांगितलं नव्हतं, एवढं सिद्ध झालं.

पंचनाम्याला साहेब आले. चपला बाहेर ठेवून, विजार वर करून आत आले, त्याबद्दल तक्रार नाही. सगळीकडे बघितलं आणि विचारलं, माल कुठाय? मी म्हटलं, तुम्ही त्यातच उभे आहात. ते म्हणाले, ही तर माती आहे. मी तारा दाखवल्या, बायकोनं हजेरीचं रजिस्टर दाखवलं, रोज दीडशे नग कोणी केले त्याची नोंद होती, पण ओली होऊन शाई पसरलेली. त्यांनी लिहिलं ते मी वाचलं. 'माल : माती, अंदाजे दोन ब्रास.' ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वाळू-खडी मोजायचं माप. शेजारच्या मिठाईवाल्याचा खवा नासला तर कोणी 'माल : घाण' असं लिहीत नाही. चार बायकांची तीन महिन्यांची मजुरी, माझे डोळे, मामांच्या कोरण्या, सगळं दोन ब्रास. मी सही केली. करायला नको होती.

ती माती चाळून पुन्हा वापरता आली असती, असं बरेच जण सुचवून गेले. आली असती. शाडू मरत नाही. पण त्यात गटार होतं, गॅरेजचं ऑइल होतं. बायको म्हणाली, असल्या मातीचे महाराज आपल्या घरात होणार नाहीत. ट्रॅक्टरनं उचलून टाकली.

निपाणीचे काका आले ते रस्ता सुरू झाल्यावर. त्यांचं स्टेशनरीचं दुकान. १९९७ पासून दरवर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी एसटीनं यायचे, सहाशे चित्रं न्यायचे. द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या स्वतः आणायचे आणि पिंजर, म्हणजे पेंढा, घालून स्वतः भरायचे, कारण आमच्या पोरांचं भरणं त्यांना पसंत नव्हतं. प्रत्येक नग कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे. बद्द वाजला की बाजूला. आणि घासाघीस! चार आण्यांसाठी दुपारचा चहा गार करायचे. एकदा तलवारीची मूठ उलटी आहे म्हणून साठ नग परत दिले होते. मूठ उलटीच होती. त्या ऑगस्टला ते दीड-दोन महिने आधीच आले, रिकामी फळी बघितली, खिशातून पैसे काढले आणि सहाशे नगांचा पुरा दर दिला. एक शब्द घासाघीस केली नाही. आपली अवस्था किती वाईट दिसतेय, ते मला तेव्हा कळलं.

दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. शाडू महागला होता, सगळ्या कुंभारांना एकदमच लागला. त्यात पाऊस हटेना, ऑक्टोबरातही पडतच राहिला. वाळवायचं कुठं? गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिच्या भट्टीवर माळा आहे. मालकानं तो दिला. गोणपाट ओला ठेवून, दर दोन तासांनी कूस बदलून, रात्री मी आणि बायको, दिवसा चौघी बाया. अठ्ठावीसशे चित्रं उभी केली. त्या वर्षीच्या मावळ्यांना खारीचा वास होता. एका गिऱ्हाइकाच्या पोरानं तर मावळ्याची टाच चावली, असं त्याची आई सांगत होती.

आणि ते प्लास्टरवालं पोरगं त्याच महिन्यात दुकानादुकानांत सांगत फिरत होतं, की त्यांचं पुरात गेलं, आता ते करत नाहीत. आमचे नऊ दुकानदार त्या एका वाक्यानं गेले. त्यातले चार परत आले. पुढे २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तींसाठी प्लास्टर नको म्हणणारी नियमावली आली, ती वर्षभर पुढेही ढकलली गेली, पण त्याच्या दुकानावर 'पर्यावरणपूरक' अशी हिरवी पाटी तेवढ्यात लागली. पाटीखाली तेच प्लास्टर. वर्ष-दोन वर्षांत प्लास्टिकही आलं.

आता सूनबाई सुट्टीत शिबिरं घेतात. कॉर्नफ्लॉवर, फेविकॉल आणि थोडं ग्लिसरीन घालून क्ले करतात, तिच्या छोट्या गुढ्या, फ्रीजवर लावायचे कंदील. त्याला एअर ड्राय क्ले म्हणायचं. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, "बाबा, हवेत वाळणारी माती." मी म्हटलं, मग आम्ही पंचवीस वर्षं काय करत होतो? पुड्यावर इंग्रजी नाव असलं की लोक वीतभर मातीला तीनशे रुपये देतात. सूनबाईंचं काम स्वच्छ आहे, पण कॉर्नफ्लॉवरची क्लेसुद्धा आटते, आणि त्या पंखा लावतात.

२०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षाही वर आलं. तोवर माल माळ्यावर हलवला होता, खाली राहिले होते ते फक्त सहाशे नाग. साहेब दुसरे होते. मी आधीच फळीसकट फोटो काढून ठेवले होते, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत होतं. त्यांनी लिहिलं, 'मातीची चित्रे, नग ६००.' पैसे किती आले ते विचारू नका. त्या कागदाची झेरॉक्स मी लॅमिनेट करून मामांच्या फोटोखाली लावली आहे.

निपाणीचे काका पुढच्या वर्षी गेले. आता नातू दुकान बघतो, मोटार घेऊन येतो, टिचकी मारत नाही. गेल्या दसऱ्यानंतर आला तेव्हा त्यानं खिशातून प्लास्टिकचा एक मावळा काढून टेबलावर ठेवला आणि उलटा केला. "काका, आजोबा सांगायचे तो अंगठा हाच ना?" चकचकीत प्लास्टिकवर रेघा अजून स्पष्ट होत्या. मी म्हटलं, हाच. तो मावळा त्यानं परत खिशात टाकला. दुकानात ते चारशे ठेवलेत म्हणाला, पोरांना परवडतात. आमच्याकडचे दोनशे घेतले. पिंजर त्यानं आणलं नव्हतं, ते आम्हीच दिलं.