तीन क्लिंटन आणि माझा रिवर्क

मी पुण्यात जुनी कागदपत्रं डिजिटल करणाऱ्या एका ऑफिसात आहे, म्हणजे डावीकडे स्कॅन, उजवीकडे ओसीआरने (म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढलेला मजकूर, चुका सुधारायच्या आणि पत्र कोणी कोणाला कधी लिहिलं ते भरायचं. गेल्या वर्षी न्यूयॉर्कचा पहिला गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन याच्या सरकारी पत्रव्यवहाराची बॅच आली. मूळ कागदांपैकी बरेच १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या कॅपिटॉलला, म्हणजे राज्य सरकारच्या इमारतीला, आग लागली तेव्हा खराब झाले, काहींच्या कडा करपल्यात तर काही गेलेच, नशीब की आधीपासून ते छापायला घेतले होते. आमच्याकडे ती छापील पानं. एरवी सगळं तेच तेच, मिलिशिया (म्हणजे स्थानिक नागरी सैन्य) पाठवा, पीठ पाठवा, झोप यायची अक्षरशः.

त्या दिवशी माझ्याकडे १७७७ चा ऑक्टोबर होता, अमेरिकेचं ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं तेव्हाचा, आणि सकाळी आल्या आल्या टीम लीडचा मेल, चाळीस पत्रं रिजेक्ट, म्हणजे परत करायची, रिवर्क! जिथे जिथे नुसतं 'जनरल क्लिंटन' होतं तिथे मी ड्रॉपडाऊनमधला पहिलाच क्लिंटन टाकत गेले होते. आता गंमत बघा, ब्रिटिशांचा सेनापती हेन्री क्लिंटन, अमेरिकेच्या बाजूने गव्हर्नर जॉर्ज स्वतः जनरल, आणि त्याचा भाऊ जेम्स तोही जनरल. करायचं काय माणसाने?

चरफडत परत पहिल्यापासून वाचायला बसले तर ११ ऑक्टोबरचं गव्हर्नरचं पत्र लागलं. डॅनियल टेलर नावाचा ब्रिटिश हेर पकडलाय, त्याने काहीतरी गिळलंय, म्हणून उलटीचं औषध दिलं तर ते बाहेर आलं, पठ्ठ्याने नजर चुकवून परत लपवलं, शेवटी गव्हर्नरने सांगितलं की आत्ता फाशी देतो आणि पोट फाडून बघतो, तेव्हा कुठे ते मिळालं. चांदीची पोकळ गोळी, आत हेन्रीची बर्गॉइन या दुसऱ्या ब्रिटिश सेनापतीला चिठ्ठी, की आम्ही पोचलोय, आता आपल्यामध्ये फक्त गेट्स (अमेरिकन सेनापती) आहे. टेलरला काही दिवसांतच फासावर दिलं.

आणि तो सापडला कसा? असं सांगतात की त्यानेच विचारलं, जनरल क्लिंटनकडे न्या. त्याला वाटलं समोरचे सैनिक आपलेच, ब्रिटिश असतील. नेलं जॉर्जकडे!

मी एकटीच हसत सुटले. लीडला लगेच चॅटवर सगळं लिहून पाठवलं, म्हटलं बघा सर, अडीचशे वर्षांपूर्वी पण हाच घोळ. उत्तर आलं, 'भारी. रिवर्क चारपर्यंत दे.'