कारवानचं पिल्लू घ्यायला जतकडे निघालात तर

पिल्लासाठी फोन लावल्यावर समोरचा माणूस किंमत सांगायच्या आधी तुमचीच उलटतपासणी घ्यायला लागला, तर वैतागून फोन ठेवू नका. सांगली जिल्ह्यातल्या जत आणि आजूबाजूच्या दुष्काळी पट्ट्यात कारवान ही सडपातळ शिकारी कुत्र्याची जात जपून सांभाळणारी जी मोजकी घरं आहेत, ती पिल्लू कुणालाही देत नाहीत. दोन मिनिटांत "ऑनलाइन इसार टाका, पिल्लू बाजूला काढून ठेवतो" म्हणणाऱ्याची काळजी जास्त करावी.

प्रश्न ठरलेले असतात. कंपाउंड किती उंच? चार फुटांची भिंत कारवान सहज टपतो, सहा फूट तरी हवी. मोकळं सोडणार की साखळीला? मांजर किंवा कोंबडी पळताना दिसली की हा कुत्रा हाकेला फिरत नाही, त्यामुळे हायवेला लागून घर असेल तर चांगला ब्रीडर सरळ नाही म्हणतो. सांगलीत फ्लॅट आहे म्हणून कुणी नाकारेलच असं नाही, पण सकाळ-संध्याकाळ कोण पळवणार याचं नाव विचारतील. "पोरं बघतील" हे उत्तर चालत नाही.

"शिकारीला पाहिजे" असं तर बोलूच नका. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली सशाची शिकार गुन्हा आहे. आई-बापाने ससा धरल्याचे व्हिडिओ दाखवून भाव वाढवणारेही भेटतात. तो व्हिडिओ म्हणजे त्यांच्याच विरुद्धचा पुरावा, पिल्लाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

वस्तीवर गेलात की आधी आई बघा, तीही पिल्लांत असताना. दूध पाजणाऱ्या कारवान मादीच्या बरगड्या दिसतात, त्याला उपासमार समजू नका. पण माकडहाड आणि कमरेची हाडं टोचल्यासारखी वर आली असतील, केस राठ झाले असतील, तर खाण्यात कमी आहे किंवा वेत फार लवकर घेतलंय. 2017च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही आणि वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही. बाप बहुतेक वेळा दुसऱ्या गावचा असतो, त्याचा फोटो आणि मालकाचा नंबर मागा. शर्यतीसाठी ग्रेहाउंड या विलायती कुत्र्याची भेसळ होते आणि ती पिल्लात ओळखणं अवघड. ओळख पटली तर आई-बापावरूनच.

पिल्लू हातात घेऊन उलटं करा. बेंबीवर मऊ फुगा लागला तर हर्निया. अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत. हिरड्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर थांबा. आठ आठवड्यांच्या नराच्या वृषणाच्या दोन्ही गोळ्या खाली लागायला हव्यात.

वयाच्या बाबतीत मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. नियमाने आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, तरी तीस-पस्तीस दिवसांचं सर्रास हातात देतात. कारण साधं आहे: चौथ्या आठवड्यापासून आईचं दूध कमी पडतं आणि पिल्लांच्या खाण्याचा खर्च सुरू होतो. इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू चावताना जोर आवरायला शिकत नाही, ते भावंडांतच शिकतात. "लस झालीय" म्हणाले तर लसीच्या वहीत बाटलीचं स्टिकर आणि तारीख बघा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत. तिसाव्या दिवशी टोचलेली धरू नका, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ती निकामी करू शकते. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा हगवणीचा रोग अंगात शिरल्यावर चार-पाच दिवस काहीच दिसत नाही, म्हणून "आमच्याकडं ठणठणीत होतं" हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं असू शकतं आणि तरी रोग तिथलाच असतो.

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबच्या कागदावर जात 'कॅराव्हॅन हाउंड' अशीच लिहिलेली असते. आई आणि बाप दोघांची नोंद असेल तरच पिल्लाची वंशावळीसह नोंद होते. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर समोर स्कॅन करून पंधरा आकडे कागदाशी जुळवा. "पेपर नंतर पाठवतो" म्हटलं की बिनकागदाचं पिल्लू समजून भाव करा. जातिवंत बिनकागदाची कुत्री या भागात भरपूर आहेत, लाज वाटायचं कारण नाही.

ब्रीडरच्या अटी लिहून घ्या. सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू त्यालाच परत, ही अट तुमच्याही सोयीची. मादी घेतलीत तर "तिच्या पहिल्या वेतातलं एक पिल्लू मला" अशी अट घालतात, त्यावर वाद ठरलेला. निवड कोण करणार आणि एकच जगलं तर काय, हे इसार देतानाच ठरवा.

परतताना विट्याला चहाला थांबलात तर पिल्लू हॉटेलच्या मातीत उतरवू नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पाटीत वर्तमानपत्र घालून गाडीतच मुतू द्या. पहिला आठवडा तिथलंच खाणं, भाकरी-दूध असेल तर तेच. आणि डॉक्टरांच्या वहीत पहिल्याच दिवशी 'कारवान' लिहून घ्या. अंगावर चरबी नसल्यामुळे थायोपेंटोनसारखी भूल या जातीला लवकर उतरत नाही, पुढे ऑपरेशनची वेळ आली तर ही नोंद लागते.