कापसाच्या खोलीत ३६० अंश

लोणारच्या काठावर ३६० अंशांचा फोटो, म्हणजे चहूकडचे फोटो जोडून केलेला एकच फोटो, काढणं सोपं. विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद, सगळं लांबच लांब. ट्रायपॉडवर कॅमेरा कसाही फिरवा, फोटो निमूट जुळतात. पायाजवळचं गवत जरा फाटतं, तेवढंच. त्याच तोऱ्यात मी जानेवारीत आमच्या घरातली कापसाची खोली टिपायला गेलो.

यवतमाळकडं आमचं गाव. भाव चढायची वाट पाहत मधल्या खोलीत छातीएवढा कापूस भरलेला होता. पुण्याच्या ताईला तो पाहायचा होता. लहानपणी आम्ही दोघं त्यात उड्या मारायचो आणि रात्रभर अंग खाजवायचो.

पण खोलीत कापूस दोन फुटांवर, दार आठ फुटांवर. वस्तू इतक्या जवळ असल्या की कॅमेरा एका नेमक्या बिंदूभोवती फिरावा लागतो, नाहीतर जवळचं लांबच्यावरून सरकतं आणि जोड फाटतो. लोक त्याला नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर लेन्समध्ये समोरून डोकावलं की आत जे भोक दिसतं, त्याची ती जागा. ट्रायपॉडचा स्क्रू मात्र कॅमेऱ्याच्या बुडाला, बराच मागं. कॅमेरा त्या बिंदूभोवती फिरवणारं विकतचं पॅनो हेड महाग, म्हणून तालुक्यातल्या वेल्डिंगवाल्याकडून अॅल्युमिनियमची सरकती पट्टी करून घेतली. चौकटीला सुतळी लटकवली, अंगणापलीकडचा विजेचा खांब तिच्यामागं लपवला आणि कॅमेरा डावी-उजवीकडं फिरवला. खांब सुतळीमागून डोकावला की पट्टी थोडी सरकवायची. माझी लेन्स ८ मिलीमीटरची फिशआय, खूप रुंद दिसणारी. तिच्यात ही जागा कोनागणिक बदलते, म्हणून सुतळी फ्रेमच्या मधोमध ठेवून तपासलं तर फसगत होते. गोल फिरत सहा फोटो घ्यायचे, तर जोड फ्रेमच्या मध्यापासून तीस अंशांवर येतो, तपासायचं तिथंच. पाऊण तास गेला. शेवटी जमलं तिथं बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारली.

"सकाळपासून काय गोल गोल फिरून राह्यला बे?" बाबा दारातून.

"फोटो काढून राह्यलो ना, बाबा."

"एका खोलीचे किती?"

सहा आजूबाजूचे, एक वरचा, एक खालचा. खोलीत अंधार आणि दारात रणरणतं ऊन, म्हणून प्रत्येकाचे तीन-तीन, कमी-जास्त उजेडाचे. "चोवीस."

"माह्या लग्नात दोन काढले होते."

फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), सगळं मॅन्युअल. हे एकदा चुकलं की पुढं कॉम्प्युटरपाशी रडायचं. मी ते चुकलो नाही. चुकलो भलत्याच ठिकाणी: ट्रायपॉड कापसात हळूहळू रुतत होता. सहावा फोटो पहिल्यापेक्षा दोन बोटं खालून आलेला. दुसऱ्या दिवशी खाली फळी टाकली. "पुसून टाक, कवडी करशीन कापसाची," बाबांचा हुकूम.

मग हगिन. फोटो जोडणारं फुकटचं सॉफ्टवेअर, दोन फोटोंतल्या सारख्या जागा स्वतः शोधतं. छपराचे कवेलू (कौलं), दार, खांब चटकन जुळवले. पण कापूस म्हणजे जिकडंतिकडं सारखाच. त्यानं या कोपऱ्यातला पुंजका त्या कोपऱ्यातल्याशी जोडला आणि ढिगाऱ्याला मधोमध पायरी पडली. चुकीचे बिंदू पुसून हातानं नवे द्यायला बसलो. धरायला काय, तर कापसात अडकलेली वाळकी पत्ती. ज्या पत्तीपायी व्यापारी भाव पाडतो, तिच्यावर मी साठेक बिंदू ठोकले. पायरी गेली.

बाबा दोन फोटोंत आले होते, जोडावर त्यांचं अर्धं धोतर उरलेलं. एका फोटोतले बाबा मास्कनं झाकून त्यांना एकाच ठिकाणी बसवलं. खालचा फोटो ट्रायपॉड उचलून, हात लांब करून घेतलेला. फळीचा खड्डा त्यात तसाच राहू दिला.

तयार फोटो रुंदीला उंचीच्या दुप्पट, ३६० बाय १८०. ताईला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून धाडला, तर गेला नुसता वाकडातिकडा पट्टा. डॉक्युमेंट म्हणून धाडला तेव्हा तिच्या मोबाइलवर फिरला. पण धाडण्याआधी एक बारीक काम होतं. छतात एक पांढरा ठिपका दिसत होता. लेन्सवरची चमक असेल म्हणून मी तो ब्रश घेऊन खोडत होतो. मागं बाबा येऊन उभे.

"काय पुसून राह्यला?"

"डाग आहे, बाबा."

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"डाग कायचा बे, वांदराईनं कवेलू सरकवलं थे. शिडी आण."