तळाची नक्षी शाबूत असली, तरी बूट संपलेला असू शकतो

धावण्याचे बूट बदलायचे का, हे ठरवताना आपल्यापैकी बहुतेक जण बूट उलटा करून पाहतात आणि तळाची नक्षी शाबूत दिसली की आणखी काही महिने तोच वापरतात. हा निकष मला अपुरा वाटतो, कारण तळाचे रबर चिवट असते आणि बुटाचे खरे काम ते करत नाही. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि तो झेलतो रबराच्या वरचा फोमचा जाड थर, म्हणजेच मिडसोल. बहुतेक बुटांत हा फोम ईव्हीए या लवचीक प्लास्टिकचा असून त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. हजारो पावलांखाली दबून हे कप्पे चपटे होत जातात, काहींच्या भिंती फाटतात आणि फोमची उसळी कमी होते. मात्र बाहेरून बूट धडधाकटच दिसतो.

बुटाचे आयुष्य ढोबळमानाने 500 ते 800 किलोमीटर सांगितले जाते. वजन, पाऊल टाकण्याची ढब, रस्ता आणि फोमचा प्रकार यांनुसार ते बदलते. शर्यतीसाठीचे हलके बूट बहुधा त्याआधीच संपतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा. आठवड्याला 40 किलोमीटर धरले, तरी 16 आठवड्यांत 640 किलोमीटर होतात. म्हणजे सप्टेंबरअखेर घेतलेला नवा जोड शर्यतीच्या मार्गावरच्या पेडर रोडच्या चढावर पोचेपर्यंत म्हातारा झालेला असतो. म्हणून दुसरा जोड नोव्हेंबरमध्येच घ्यावा आणि लांब पल्ल्याच्या काही धावा त्यात करून पाय रुळवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

किलोमीटरची नोंद स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये बुटागणिक ठेवता येते, पण मी हाताने तपासणीही करतो. बूट सपाट ओट्यावर ठेवून मागून पाहिले, की टाच आत किंवा बाहेर कलली आहे का, हे लगेच कळते. मिडसोलच्या कडेला टाचेपाशी आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि पायात बूट नसतानाही त्या मिटत नसतील, तर फोम कायमचा बसला आहे. सर्वांत बोलकी परीक्षा म्हणजे एका पायात जुना आणि दुसऱ्या पायात त्याच प्रकारचा नवा बूट घालून घरातल्या घरात चार पावले टाकणे. जुन्या बाजूला टाच थेट फरशीवर आपटल्यासारखी वाटते. आतली गादी बदलून हे दुरुस्त होत नाही. पायाला मऊ लागते, पण मिडसोल तसाच राहतो.

सराव न वाढवताही नडगी, पोटरी किंवा गुडघा कुरकुरू लागला, तर बुटाकडे जरूर पाहावे. मात्र दुखणे टिकून राहिले, तर नवे बूट हा त्यावरचा उपचार नव्हे, डॉक्टरांनाच दाखवावे.

पावसाळ्यात दोन जोड आलटून-पालटून वापरणे मला अत्यावश्यक वाटते. भिजलेल्या बुटांतली गादी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली वाळवावेत. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास डिंक सुटतो आणि फोमही कडक होतो. निवृत्त झालेला जोड बाजारहाटाला आणि फिरायला खुशाल वापरावा, फक्त सरावाच्या जोडांशेजारी ठेवू नये. पहाटेच्या अंधारात हात नेमका त्याच्यावरच पडतो.