बाईंची पावसाची वही

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'कुठल्याही विषयावर लिहा' असं पत्र आलं, आणि मला एकच विषय सुचला: बाई. नाव लिहीत नाही. आमच्या काळच्या मुलांना नुसतं 'बाई' म्हटलं की शास्त्राच्या बाईच आठवतात. इतर शिक्षकांचे उपकार कमी नाहीत, पण आज त्यांच्यासाठी जागा उरेल असं वाटत नाही.

प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत पर्जन्यमापक होता. आठवीच्या दोघादोघांची पाळी लागायची. सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, गुडघ्यांवर बसून पाण्याची रेषा डोळ्यांसमोर आणायची आणि मगच आकडा वाचायचा. आपला तालुका दुष्काळी, त्यामुळे वहीत पानंच्या पानं शून्यं. पाऊस नाही म्हणून वही उघडलीच नाही, हे बाईंना चालत नसे. "शून्य लिही. तू जाऊन पाहिलंस आणि पाणी नव्हतं, हे त्यावरून कळतं. कोरं ठेवलंस तर काय समजायचं?"

एकदा गणपतीच्या सुट्टीत तीन दिवस कुणीच फिरकलं नाही. चौथ्या दिवशी पाहिलं तर बाटलीत चांगलं पाणी. बाईंनी तिन्ही दिवसांना मिळून लाल शाईने एक कंस काढला, त्यापुढे आकडा लिहिला आणि खाली 'एकत्रित नोंद, रोजची घेतलेली नाही' असं लिहून सही केली. पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. आलेल्या साहेबांना तो लाल कंस खुपला. तीन दिवसांत वाटून टाकायचं, वही स्वच्छ दिसली असती, असं ते म्हणाले. वही धरून मी शेजारीच उभी होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, कुठल्या दिवशी किती पडला ते आम्ही पाहिलेलं नाही." एवढंच. कंस तसाच राहिला.

पुढे मेडिकलला गेले. एमडीला पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याचा विषय, घेतलं तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, हिला दुसरी ब्रँच मिळाली नसणार. मी ते निवडून घेतलं होतं. बालमृत्यूंच्या नोंदी हा माझा कामाचा विषय झाला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. तरीही घरी जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ कितीदा तरी कुठल्याच रजिस्टरात येत नसे, नाहीतर 'उपजत मृत्यू', म्हणजे मेलेलंच जन्मलं, म्हणून लिहिलं जाई. उपजत मृत्यू अर्भक मृत्यूदरात, म्हणजे जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे वर्षाच्या आत किती गेली त्या आकड्यात, धरत नाहीत. म्हणजे रडलेलं, दूध प्यायलेलं बाळ कागदावर जन्मलंच नाही, आणि दर मात्र खाली आला!

१९९९ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि हजारी ६२ असलेला नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी साधारण २५ वर आला. सगळीकडे चर्चा उपचारांची होती. मी मात्र त्यामागे जन्म आणि मृत्यू किती काटेकोर मोजले असतील याचाच विचार करत होते. तसं मोजलं नसतं तर ६२ तरी कुठून कळले असते?

एमडी झाल्यावर बाईंच्या पाया पडायला गेले. त्यांनी विचारलं, "तुझ्या कामात नोंद कोण घेतं?" सिस्टर घेतात, म्हटलं. "मग आकडा वाढला की बोलणी कोण खातं?" याचं उत्तर मला पुढे एका आढावा बैठकीत मिळालं. आम्ही नीट मोजायला लागलो तशी एका भागातली मृत्यूंची संख्या वाढली, आणि उभं केलं गेलं ते तिथल्या सिस्टरना. मी उठून सांगितलं की मृत्यू वाढलेले नाहीत, नोंदी वाढल्या आहेत, आणि आकडा बदलणार नाही. ते काम पुढच्या वर्षी माझ्याकडून गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आता विभागप्रमुख आहे. माझे विद्यार्थी अनेक जिल्ह्यांत आरोग्य खात्यात आहेत, याचा अभिमान आहे. नव्या पीजीला, म्हणजे एमडी करायला आलेल्या डॉक्टरला, मी आधी संगणकासमोर बसवत नाही, आशाताईंबरोबर पाठवते. बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाच्या गृहभेटीला त्या घरात जाऊन बसायचं, वजन करताना झोळी धरायची, तापमान त्या कसं बघतात ते पाहायचं. जिने आकडा आणला तिच्याशी आदराने बोलता येत नसेल, तर त्या आकड्यावर प्रबंध लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. इमारत सुंदर झाली आहे, संगणक कक्षही पाहिला. प्रयोगशाळेमागे मात्र फरशी घातली आहे आणि पर्जन्यमापक कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. पावसाचा आकडा मोबाईलवर मिळतो, असं एका मुलाने सांगितलं. मिळतो, पण तो आपल्या अंगणातला नसतो. मला फार चुटपुट लागली.

म्हणून महोत्सव समितीला विनंती आहे. नव्या पर्जन्यमापकाचा खर्च मी करते. झाडं आणि भिंतींपासून दूर थोडी मोकळी जागा शाळेने द्यावी, आणि गणपतीच्या सुट्टीत पाळी घ्यायला गावातली दोन मुलं आधीच ठरवून ठेवावीत.