पार्टी बुडाली, आता कागद कुठे शोधायचा?

सियागंजात किंवा सांवेर रोडवर एखाद्या पार्टीचं, म्हणजे व्यवहारातल्या व्यापाऱ्याचं किंवा कंपनीचं, दिवाळं निघाल्याची बातमी आधी तोंडोतोंडी येते, कागद मागाहून. तो कागद शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या दारात उभा राहतो, कारण दिवाळखोरीचं असं एकच कोर्ट इंदूरात नाही. बुडालेली पार्टी कोण आहे, यावर दार ठरतं.

म्हणून आधी आपलं जुनं बिल काढून पार्टीचं पूर्ण नाव वाचा. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत. नुसतं ‘ट्रेडर्स’ किंवा ‘अँड सन्स’ असेल तर ती मालकी हक्काची पेढी किंवा साधी भागीदारी. ती तिथे सापडणार नाही. सहकारी साख संस्था बुडाली असेल तर कोर्ट सोडा, सहकार खात्यात जा. तिथला अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, रजिस्ट्रार नेमतो.

कंपनी असेल तर दुसरं काम एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, वेबसाइटवर. ‘कंपनी मास्टर डेटा’ फुकट दिसतो. त्यात सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता आणि कंपनीची सध्याची स्थिती असते. स्थितीच्या रकान्यात कधीकधी ‘अंडर सीआयआरपी’ (दिवाळखोरीची प्रक्रिया चालू) किंवा ‘अंडर लिक्विडेशन’ (अवसायन, म्हणजे कंपनी गुंडाळणं चालू) असं सरळच लिहिलेलं सापडतं. पण तो रकाना मागे पडलेला असू शकतो. तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ताळेबंद वगैरे दाखल केलेले कागद पाहायचे तर कंपनीमागे १०० रुपये भरावे लागतात.

या पानावरची सगळ्यात कामाची ओळ म्हणजे रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता. कारखाना पीथमपूरला असो की पालद्याला, त्याने काही ठरत नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम ६० प्रमाणे ज्या राज्यात रजिस्टर्ड ऑफिस, त्या राज्याच्या खंडपीठात प्रकरण. खाद्यतेलाची रुची सोया सगळ्यांच्या लेखी इंदूरची कंपनी, पण रजिस्टर्ड ऑफिस मुंबईत. त्यामुळे डिसेंबर २०१७ मध्ये तिच्याविरुद्धचा अर्ज मुंबई खंडपीठाने दाखल करून घेतला, आणि ती विकत घेण्याचा पतंजलीचा प्रस्ताव मंजूर झाला तोही तिथेच. इंदूर खंडपीठाच्या यादीत ही फाइल जन्मभर शोधली तरी मिळायची नाही.

उलट हुकूमचंद मिल अगदी शहराच्या मध्यात, तरी तीही एनसीएलटीत नाही. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिचं अवसायन जुन्या कंपनी कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात आणि शासकीय अवसायकाकडे चाललं, आणि कामगारांच्या थकबाकीच्या २२४ कोटींचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. २०१६ च्या आधी बुडालेल्या कंपन्यांचं साधारण असंच आहे. तेव्हा घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा जुना दावा असेल, तर पहिली चौकशी शासकीय अवसायकाच्या कार्यालयात.

रजिस्टर्ड ऑफिस मध्य प्रदेशातच निघालं तर एनसीएलटीच्या वेबसाइटवर खंडपीठ ‘इंदूर’ निवडायचं. ग्वाल्हेर, जबलपूर, भोपाळ सगळं याच्यातच. इथे एक मेख आहे. हे खंडपीठ २०१९ मध्ये झालं. त्याआधी मध्य प्रदेशच्या कंपन्या अहमदाबाद खंडपीठाकडे होत्या, आणि तिकडून आलेल्या प्रकरणांना इथे नवे नंबर पडले. अशा आदेशाच्या माथ्यावर दोन नंबर दिसतात: आधी ‘टीपी’ अमुक ऑफ २०१९, आणि चौकटी कंसात ‘सीपी (आयबी)’ तमुक ऑफ २०१८. टीपी म्हणजे बदली होऊन आलेलं प्रकरण, सीपी (आयबी) म्हणजे दिवाळखोरीचा मूळ अर्ज. दोन्ही नंबर लिहून ठेवा, कारण सुरुवातीचे आदेश जुन्या नंबरावर, अहमदाबादच्या नावाखाली असतात.

नावाने शोधताना ‘प्रायव्हेट लिमिटेड’ टाइप करूच नका. कुणी ‘प्रा. लि.’ भरलेलं असतं, कुणी पूर्ण. कंपनीच्या नावातला सगळ्यात वेगळा एकच शब्द टाका. वर्ष विचारलं तर अर्ज दाखल झाल्याचं वर्ष द्या, बातमी आली ते नव्हे. या दोहोंत वर्ष-दीड वर्षाचं अंतर सहज असतं, म्हणून मागची दोन वर्षंही तपासा.

आता जिथे जाणकारही फसतात ती जागा. अर्ज दाखल करून घेतला गेला की मूळ सीपीपुढे बऱ्याचदा ‘डिस्पोज्ड’ असं दिसतं. लोकांना वाटतं, प्रकरण संपलं. खरं तर तिथून ते सुरू होतं. पुढचं सगळं ‘आयए’, म्हणजे त्याच प्रकरणातल्या मधल्या अर्जांच्या, नंबरांवर चालतं: दावा नाकारल्याची तक्रार, मुदतवाढ, प्रस्तावाची मंजुरी, कलम ३३ खालचं अवसायन. त्यामुळे त्या सीपीतल्या सगळ्या आयए उघडून तारखेच्या क्रमाने लावा. ‘तमुक तारखेला ठेवा’ एवढाच मजकूर असलेले एका पानाचे रोजनामे बाजूला सारा आणि लांबलचक आदेश वाचा.

ज्याचे पैसे अडकलेत त्याने खरं तर याच्याही आधी आयबीबीआयच्या (दिवाळखोरीचं काम पाहणारं केंद्राचं नियामक मंडळ) वेबसाइटवरची जाहीर सूचना, म्हणजे ‘फॉर्म ए’, काढावी. बुडालेल्या कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाने नेमणुकीपासून तीन दिवसांत ती एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची असते. आपल्याकडे ती हिंदीत येते, आणि मराठी घरात ती कुणी वाचत नाही. सूचनेत एक तक्ता असतो. त्यात सीआयएन, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, १८० दिवसांनी संपण्याची अंदाजे तारीख, व्यावसायिकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि ई-मेल, आणि शेवटाकडे दाव्याची अखेरची तारीख, म्हणजे नेमणुकीपासून १४ दिवस. माल किंवा सेवा दिलेल्याने फॉर्म बी भरायचा, कर्ज दिलेल्याने सी, फ्लॅट बुक केलेल्याने सीए, कामगाराने डी. १४ दिवस गेले म्हणून हात टेकू नका, उशिराचा दावाही काही काळ घेतला जातो. प्रक्रिया सुरू करण्याचा अर्ज स्वतः करायला थकबाकी किमान १ कोटी लागते. ही मर्यादा मार्च २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. पण दुसऱ्याच्या अर्जावर सुरू झालेल्या प्रक्रियेत दावा लावायला अशी कोणतीही मर्यादा नाही.

बँकेने वर्तमानपत्रात दिलेली ‘कब्जा सूचना’ मात्र दिवाळखोरी नव्हे. ती २००२ च्या सरफेसी कायद्याखालची, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन केलेली, वसुली. त्यावरचा वाद जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातो.

पेढीचा मालक, म्हणजे व्यक्तीच बुडाली असेल तर अजूनही १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागू आहे आणि फाइल जिल्हा न्यायालयात असते. नव्या कायद्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. जिल्हा न्यायालयाचं रेकॉर्ड ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. निदान तीन अक्षरं आणि वर्ष द्यावं लागतं, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्ही पाहावं लागतं. मराठी आडनावांचा इथे हमखास घोळ होतो. साठे, पाठक, काठे यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला टी पुढचा एच कारकुनाच्या मनावर असतो. आडनावाने जमलं नाही तर पहिल्या नावाने शोधा.

वेबसाइटवरून उतरवलेली पीडीएफ वाचायला पुरते, अपिलाला प्रमाणित प्रत लागते. पक्षकारांना अंतिम आदेशाची एक प्रमाणित प्रत फुकट मिळते. बाकीच्यांनी प्रकरण क्रमांक, पक्षांची नावं आणि आदेशाची तारीख लिहून रजिस्ट्रीकडे अर्ज करायचा, पानामागे ५ रुपये. अपील करायचं असेल तर फुकट प्रतीची वाट पाहत बसू नका. अपिलाचे ३० दिवस आदेश सुनावल्या दिवसापासून मोजतात, प्रत हातात आल्यापासून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. विलंब माफ होतो तो फक्त पुढच्या १५ दिवसांपुरता. प्रत तयार करण्यात रजिस्ट्रीचे जितके दिवस गेले तितके वजा मिळतात, पण त्यासाठी तुमचा अर्ज मुदतीत पडलेला असावा लागतो. अर्जाची पोच जपून ठेवा.