झोकांड्या खाणारा कुत्रा आणि मेट्रोनिडाझोलचा हिशोब

कुत्र्याला जुलाब लागले की घरातल्या औषधांच्या डब्यातून बहुतेकदा आधी निघते ती मेट्रोनिडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी. माणसांना चालते, मग याला का नाही? चालते की, पण वजन बघून. हिशोब चुकला आणि औषध लांबलं, तर कुत्रा लकवा मारल्यासारखा दिसायला लागतो.

पशुवैद्य जुलाबासाठी किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. १० किलोच्या कुत्र्याला १० च्या दराने एका वेळी १०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० च्या गोळीची अर्धी. त्यालाच ४०० ची अख्खी गोळी सकाळ-संध्याकाळ दिली, तर दिवसाला किलोमागे ८० मिलिग्रॅम पोटात जातात. मेंदूवर परिणाम सहसा ६० च्या आसपास किंवा त्यापुढे दिसतो. क्वचित त्याखालीही दिसतो. औषध यकृतात मोडतं, त्यामुळे यकृत अधू असेल तर बेताचा डोससुद्धा अंगात साठत जातो. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये बहुतेक वेळा २०० मिलिग्रॅम असतात. तिथे अंदाजाने चमचा भरू नका, सुई काढलेली सिरिंज वापरा.

गोळी दिल्या दिल्या तोंडाला फेस आला तर घाबरू नका, गोळी भयंकर कडू असते. खरा त्रास काही दिवसांनी, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होतो. भूक जाते, उलट्या होतात. मग पाय फाकवून चालणं, वळताना कोलमडणं, मान कलणं. अशा वेळी डोकं दोन्ही हातांत स्थिर धरा आणि बुबुळं बघा. म्हाताऱ्या कुत्र्यांचा आतल्या कानाच्या बिघाडाने अचानक तोल जातो तेव्हा बुबुळं सहसा आडवी किंवा गोल फिरल्यासारखी उडतात. वर-खाली उडत असतील तर बिघाड मेंदूतला, आणि मेट्रोनिडाझोल चालू असेल तर पहिला संशय त्याच्यावर. 'वय झालं, झटका आला असेल' म्हणून गोळ्या तशाच चालू ठेवणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

गोळी तिथल्या तिथे बंद करायची. उतारा असा नाही, पण डायझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाचा फरक मोठा पडतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २१ कुत्र्यांच्या अभ्यासात ते मिळालेले कुत्रे सरासरी दीड दिवसात सावरले, न मिळालेल्यांना सुमारे ११ दिवस लागले. आधी शिरेतून, मग तीन दिवस तोंडाने. हे काम दवाखान्याचं, घरी प्रयोग नकोत.

निघताना गोळ्यांची पट्टी, कधीपासून किती दिल्या ते कागदावर लिहून, आणि डोळ्यांचा वीस सेकंदांचा व्हिडिओ बरोबर घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळं कधी कधी शांत झालेली असतात. घरी परतल्यावर काही दिवस जिना बंद, गुळगुळीत फरशीवर गोणपाट, आणि पाण्याचं भांडं उथळ.